गुलाबाचा वास, गवताचे तेल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय सुगंधाचा आहे. मात्र मी कोणत्याही फुलाविषयी बोलणार नाही. आपल्या सातपुड्याच्या उतारांवर आपोआप उगवणारे एक गवत आणि त्याच्या तेलात असणारे एक रसायन यांची ओळख आज करून घेऊ. गवताचे नाव रोशा, रसायनाचे नाव जिरॅनिऑल. पहिले नाव खानदेशातल्या जुन्या माणसांना ठाऊक असेल. दुसरे नाव पुष्कळ साबणांच्या, क्रीमच्या आणि शांपूच्या वेष्टनावर अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. ते वाचण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही.

या दोन नावांचे नाते मोठे विलक्षण आहे. रोशाच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो. त्यामुळे या तेलाने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अर्ध्या जगाचा प्रवास केला, पण स्वतःच्या नावाने नव्हे. कधी ते तुर्की तेल म्हणून विकले गेले, कधी जिरॅनियमचे, तर कधी चक्क गुलाबाचे. वास खरा होता, नाव खोटे होते. वासावरून वस्तूची परीक्षा करणे किती अवघड आहे, हे या गवताने चांगलेच शिकवले आहे. तो धडा आजही उपयोगी आहे, म्हणून हा विषय.

रोशाचे दोन भाऊ

रोशाला संस्कृतात रोहिष म्हणतात. आपल्या घरी चहात टाकतो तो गवती चहा आणि हे रोशा गवत एकाच कुळातले. रोशा जवळजवळ माणसाच्या उंचीचे वाढते. पानाचा तळ रुंद असतो आणि तो दांड्याला बिलगलेला असतो. पावसाळा संपता संपता तुरे येतात आणि पिकू लागले की तांबूस दिसू लागतात. असा सगळा उतार तांबूस झाला म्हणजे गवत कापणीला आले असे समजायचे.

या गवताच्या दोन जाती आहेत. एक मोतिया आणि दुसरी सोफिया. दिसायला दोघे जुळे भाऊ. नुसत्या डोळ्यांनी पाहून जाणकारही फसतो. मात्र पान चुरगळून नाकाशी धरले की फरक कळतो. मोतियाला गुलाबाच्या वळणाचा गोड वास येतो, सोफियाला आल्याची आठवण करून देणारा उग्र वास येतो. मोतिया कोरड्या, पाणी न साचणाऱ्या, उन्हाच्या उतारांवर वाढतो. सोफियाला अधिक ओलसर जागा मानवते. व्यापारात मोतियाच्या तेलाला पाल्मारोझा म्हणतात आणि सोफियाच्या तेलाला जिंजरग्रास. या नावातला 'रोझा' ऐकून कुणालाही गुलाबच आठवावा. किंमत मोतियाला, कारण चांगल्या मोतिया तेलात जिरॅनिऑल पाऊणशे ते नव्वद टक्क्यांपर्यंत असते. वनस्पतीच्या तेलात एकच घटक एवढ्या मोठ्या प्रमाणात सापडणे ही तशी दुर्मिळ गोष्ट आहे.

या गवताच्या शास्त्रीय नावात 'मार्टिनी' असा शब्द आहे. तो लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिनवरून आला. हा मूळचा फ्रेंच माणूस, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर चढलेला. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दक्षिणेत असताना त्याने या सुवासिक गवताचे बी गोळा केले आणि लखनौला नेऊन लावले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने त्याच्या नावाने या गवताचे बारसे केले. ज्या मातीत ते पिढ्यान्‌पिढ्या उगवत होते, त्या मातीचे नाव तेव्हाही त्याला मिळाले नाही.

खानदेशातल्या भट्ट्या

एकोणिसाव्या शतकात रोशाच्या तेलाचे मोठे केंद्र होते आपले खानदेश. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या भागांत पावसाळ्यानंतर भट्ट्या लागत. निमाड, बैतूल, मेळघाट या पट्ट्यातही हा धंदा होता. सरंजाम साधाच. ओढ्याच्या काठी दगडाची चूल, त्यावर लोखंडी हंडा, हंड्यात थोडे पाणी आणि वर दाबून भरलेले गवत. झाकणाला भोक पाडून बांबूची नळी बसवायची आणि तिचे दुसरे टोक थंड पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायचे. खाली जाळ लागला की वाफ गवतातून वर चढे, नळीतून जाई आणि थंड होऊन भांड्यात पडे. पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा थर तरंगू लागे. तो हलक्या हाताने काढून घ्यायचा.

इथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. पाणी १०० अंशांवर उकळते आणि जिरॅनिऑल उकळते २३० अंशांच्या आसपास. मग हंड्यातले पाणी उकळत असताना हे तेल वर येतेच कसे? याचे उत्तर असे. न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, तर दोघांच्याही वाफांचा दाब एकमेकांत मिळवला जातो. दोघांचा मिळून दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की मिश्रण उकळू लागते. त्यामुळे हे मिश्रण १०० अंशांच्याही किंचित खालीच उकळते. पाण्याची वाफ वर जाताना तेलाची थोडी थोडी वाफ आपल्याबरोबर घेऊन जाते. यालाच बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात. एवढ्या उष्णतेत सुगंधी रेणू मोडत नाहीत, करपत नाहीत. ओढ्याकाठच्या त्या भट्टीवाल्यांनी हे शास्त्र पुस्तकात वाचलेले नव्हते, पण हाताला ते पक्के ठाऊक होते. आजच्या पोलादी बॉयलरमध्येही तत्त्व तेच आहे.

शंभर किलो ताज्या गवतातून साधारण अर्धा किलो तेल निघते. गवत, हंगाम आणि भट्टी यांप्रमाणे ते कमी-अधिक होते. आता गुलाबाचा हिशेब पाहा. एक किलो गुलाबतेल मिळवायला साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात आणि त्याही भल्या पहाटे हातांनी खुडलेल्या. गवताच्या तेलाला गुलाबाच्या बाजारात कोणी आणि का नेले असेल, हे या दोन आकड्यांतच स्पष्ट होते.

कोंडाईबारीपासून कझानलिकपर्यंत

खानदेशातले तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई किंवा मनमाडमार्गे मुंबईला येई. मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तिथून पुढे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तुर्की व्यापारी त्याला इद्रिस याघी म्हणत. तिथे हे तेल डिंकाच्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवत. त्यामुळे त्याचा मूळचा उग्रपणा कमी होई आणि रंग फिका पडे. अशी तयारी झाली की ते निघे बल्गेरियाकडे, कझानलिकच्या गुलाबांच्या खोऱ्यात.

हे खोरे त्या काळी ऑटोमन साम्राज्यात होते आणि जगातले उत्तम गुलाबतेल तिथेच निघे. काही लबाड उत्पादक ऊर्ध्वपातनापूर्वी पाकळ्यांवर या तेलाचा शिडकावा करत. काही जण ते सरळ तयार गुलाबतेलात मिसळत. युरोपातल्या पेढ्यांना हे तेल तुर्कस्तानातून मिळे, म्हणून कित्येक वर्षे ते 'तुर्की जिरॅनियम तेल' या नावाने ओळखले गेले. वास्तविक तुर्कस्तानात हे गवत नव्हते आणि तेलाचा जिरॅनियमशी काही संबंध नव्हता.

खरेदीदारही काही भोळे नव्हते. शुद्ध गुलाबतेलात मेणासारखे काही पदार्थ असतात. त्यामुळे वीस अंशांच्या आसपास ते गोठू लागते आणि त्यात चकचकीत पापुद्रे दिसतात. गवताचे तेल मिसळले की ते लवकर गोठत नाही. म्हणून व्यापारी कुपी गार पाण्यात धरून परीक्षा घेत. मग भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या डोक्यातून निघणारे मेण मिसळून तीही परीक्षा पास करण्याची युक्ती काढली. भेसळ आणि परीक्षा यांची ही शर्यत तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

नावातली चूक कायमची झाली

इ. स. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या तेलाचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून त्यातला मुख्य घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याच्या हातात होते ते भारतातून आलेल्या गवताचे तेल. पण बाजारात ते 'भारतीय जिरॅनियम तेल' म्हणून मिळत असल्यामुळे नव्या पदार्थाचे नाव पडले जिरॅनिऑल. म्हणजे आज जगभर ज्या सुगंधी पदार्थाला जिरॅनियमचे नाव आहे, तो पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आला आपल्याकडच्या गवतातून. बाजारातली चूक रसायनशास्त्राच्या पुस्तकात गेली आणि तिथे कायमची राहिली.

हा पदार्थ आहे तरी कसा? शुद्ध जिरॅनिऑल रंगहीन, किंचित तेलकट द्रव आहे. पाण्यात ते फार थोडे विरघळते, अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. पाच पाच कार्बनचे दोन तुकडे जोडून वनस्पती हा सांगाडा तयार करतात. अशा पाच-पाचच्या हिशेबाने बनलेल्या पदार्थांना टर्पीन वर्गातले म्हणतात. कापूर, पुदिन्यातले मेंथॉल, लिंबाच्या सालीतले लिमोनीन ही सगळी याच घराण्यातली मंडळी. या घराण्याची वंशावळ लावणारे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वालाख यांना १९१० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत पाहा. जिरॅनिऑलच्या रेणूतून हायड्रोजनचे फक्त दोन अणू काढून घेतले, तर त्याचे सिट्रल होते. सिट्रल म्हणजे आपल्या गवती चहाचा तो लिंबासारखा वास. दोन अणू इकडचे तिकडे झाले आणि गुलाबाचा लिंबू झाला. उलट, हायड्रोजनचे दोन अणू जास्त जोडले तर सिट्रोनेलॉल मिळते. त्यालाही गुलाबाचाच वास, पण वेगळ्या छटेचा. आणि अणू सगळे तेच ठेवून एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी तेवढी बदलली तर होते नेरॉल. त्याचा वास अधिक ताजा, गोडसर. आपल्या नाकाची ही बारकाई थक्क करणारी आहे.

गुलाबाच्या तेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि नेरॉल हे तिघेही असतात. मग रोशाचे तेल म्हणजे गुलाबाचे तेलच का नव्हे? तर नव्हे. गुलाबतेलात शेकडो घटक आहेत. त्यातला डॅमॅसिनोन नावाचा पदार्थ एक टक्काही नसतो, तरी गुलाबाचा गुलाबपणा बराचसा त्याच्यावर अवलंबून असतो. गुलाबाचे शरीर जिरॅनिऑल आणि त्याच्या भावंडांचे, पण चेहरा या अल्पसंख्य मंडळींचा. रोशाच्या तेलाला शरीर आहे, तो चेहरा नाही. म्हणून अनुभवी अत्तरवाला दोन्ही बरोबर ओळखतो आणि बाकीचे आपण फसतो.

झाड हे का बनवते?

माणसाला सुगंध मिळावा म्हणून कोणतीही वनस्पती हे कष्ट घेत नाही. जिरॅनिऑल काही कीटकांना नकोसे असते, काही बुरशी आणि जंतूंना मारक असते. गवताचे ते एक संरक्षण आहे. फुलांमध्ये मात्र तोच पदार्थ आमंत्रण देण्याचे काम करतो. युरोपीय मधमाशी तर जिरॅनिऑल स्वतःच्या शरीरात बनवते. पोळ्याच्या दाराशी कामकरी माश्या पोटाचे टोक वर करून पंख फडफडवताना दिसतात, तेव्हा त्या एका ग्रंथीतून वास सोडत असतात. त्या वासात जिरॅनिऑल आणि सिट्रल दोन्ही असतात. 'घर इकडे आहे, या' असा त्याचा अर्थ. मधमाश्या पाळणारे लोक याच वासाचा वापर करून नवे मोहोळ पेटीकडे वळवतात. अमेरिकेत पिकांची नासाडी करणाऱ्या जपानी भुंगेऱ्यांना पकडण्याच्या सापळ्यातही लवंगेतल्या युजेनॉलबरोबर जिरॅनिऑल घालतात. एकच रेणू कुणाला 'ये' म्हणतो आणि कुणाला 'जा'.

गवत आणि गुलाब एकाच पदार्थापर्यंत पोचतात, पण वाटा वेगळ्या आहेत. गुलाब हे काम कसे करतो याचा उलगडा अगदी अलीकडे, २०१५ मध्ये झाला. फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले, की इतर सुगंधी वनस्पतींत जे विकर हे काम करते, त्यापेक्षा अगदी वेगळ्या घराण्यातले विकर गुलाबाच्या पाकळीत राबत असते.

रोशा गवताच्या आत चालणारी घडामोड शेतकऱ्याला उपयोगी पडणारी आहे. तुरे कोवळे असताना तेलातला बराच भाग जिरॅनिल ॲसिटेट या संयुगाच्या रूपात असतो. तुरे पक्व होत जातात तसतसे त्याचे विघटन होऊन जिरॅनिऑल वाढत जाते. शिवाय तेल सर्वांत जास्त असते ते तुऱ्यात, त्याखालोखाल पानात. दांड्यात फारसे नसते. म्हणून फुलोरा पूर्ण आल्यापासून बी धरू लागेपर्यंतचा काळ कापणीला उत्तम. घाई केली तर जिरॅनिऑल कमी, उशीर केला तर तेलच कमी.

उपयोग अनेक, मर्यादाही अनेक

जिरॅनिऑलचा पहिला उपयोग अर्थातच सुगंधाचा. गुलाबी वासाची अत्तरे, पावडरी, क्रीम यांत ते असते. साबणात त्याला विशेष मान आहे, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि अनेक नाजूक सुगंध त्यात टिकत नाहीत, जिरॅनिऑल टिकते. सफरचंद, लिची, लिंबू अशा फळांच्या स्वादांतही अत्यल्प प्रमाणात ते वापरले जाते. दार्जिलिंगच्या चहाला फुलासारखा जो वास येतो, त्यातही नैसर्गिक जिरॅनिऑलचा वाटा आहे. शिवाय ते कच्चा माल म्हणूनही उपयोगी आहे. त्यापासून सिट्रोनेलॉल आणि अनेक सुगंधी एस्टर संयुगे तयार करतात. आपल्याकडे सुगंधी द्रव्यांच्या धंद्याला मोठी परंपरा आहे. मुंबईतील एस. एच. केळकर ही कंपनी १९२२ पासून या क्षेत्रात आहे. सुगंधाचे शास्त्र फक्त पॅरिसचे, असे समजायचे कारण नाही.

दुसरा उपयोग डास पळवण्याचा. हे खरे आहे, की जिरॅनिऑलच्या वासाने डास काही काळ दूर राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने किमान धोक्याच्या कीटकनियंत्रक पदार्थांच्या यादीत त्याला स्थान दिले आहे. पण या यादीत असणे म्हणजे परिणामकारकतेचा दाखला नव्हे. हा पदार्थ चटकन उडून जातो, त्यामुळे त्याचे संरक्षण फार वेळ टिकत नाही. डेंग्यू-मलेरियाची साथ चालू असताना केवळ सुगंधी तेलाच्या चार थेंबांवर विसंबून राहू नये. मच्छरदाणी, साचलेल्या पाण्याचा निचरा आणि डॉक्टरांनी सुचवलेली मलमे यांना पर्याय नाही.

खेड्यापाड्यांत रोशाचे तेल सांधेदुखीवर चोळण्याची पद्धत जुनी आहे. चोळण्याने ऊब येते, बरेही वाटते. पण बरे वाटणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे. प्रयोगशाळेत जंतू, बुरशी, सूज यांवर जिरॅनिऑलचे अनेक परिणाम दिसले आहेत. काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे माणसाच्या शरीरातला आजार गेला, असे मात्र होत नाही. त्यामुळे हे तेल पोटात घेण्याचे प्रयोग घरी मुळीच करू नयेत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

इथे मला थोडे थांबून सांगायचे आहे. 'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जिरॅनिऑल बहुसंख्य लोकांना काही त्रास देत नाही. पण काही थोड्या लोकांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. पुरळ उठते, खाज सुटते. म्हणूनच युरोपीय संघाने २००३ मध्ये नियम केला आणि २००५ पासून तो अमलात आला. ॲलर्जी करू शकणाऱ्या २६ सुगंधी पदार्थांची यादी केली गेली, त्यात जिरॅनिऑल आहे. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ते ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर वेष्टनावर त्याचे नाव छापावेच लागते. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ऐंशीच्या वर नेण्यात आली. यात 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' असा भेद केलेला नाही. रेणू गुलाबातून आला काय, गवतातून आला काय किंवा कारखान्यातून आला काय, त्वचेला तो सारखाच.

स्वीडनमधील संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे. ताज्या, शुद्ध जिरॅनिऑलपेक्षा हवेशी बराच काळ संपर्क आलेले जिरॅनिऑल त्वचेला अधिक त्रासदायक ठरते. हवेतल्या ऑक्सिजनने त्यापासून नवे पदार्थ तयार होतात आणि ॲलर्जीचा दोष मुख्यतः त्यांचा असतो. त्यामुळे कोणतेही सुगंधी तेल घट्ट बुचाच्या गडद रंगाच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवावे. बाटली जवळजवळ भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी राहते. वर्षानुवर्षे उघडझाप झालेली बाटली 'जुने ते सोने' म्हणून अंगाला लावू नये. तेल त्वचेवर कधीही निर्भेळ लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात अगदी थोडे मिसळून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये.

कारखान्यातला गुलाब

आज जगात वापरले जाणारे बरेचसे जिरॅनिऑल गवतातून येतच नाही. पाइन वृक्षांच्या टर्पेंटाइनमधील पिनीनपासून ते बनवतात, तसेच खनिज तेलातून मिळणाऱ्या साध्या संयुगांपासूनही बनवतात. रेणू तोच, वासही जवळपास तोच, किंमत कमी. मग नैसर्गिक कोणते हे ओळखायचे कसे? खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असते, त्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ कधीच संपलेला असतो. ताज्या गवतात मात्र तो असतो. प्रयोगशाळा या खुणेवरून खनिज तेलापासून बनवलेला माल पकडते. टर्पेंटाइन झाडातूनच आलेले असल्याने त्याला ही खूण पुरत नाही. तिथे आणखी बारीक तपासण्या कराव्या लागतात.

कृत्रिम पदार्थ वाईट आणि नैसर्गिक तेवढा चांगला, असे मला म्हणायचे नाही. कारखान्यातल्या जिरॅनिऑलमुळे सामान्य माणसाच्या साबणाला सुवास आला, ही चांगलीच गोष्ट आहे. तक्रार आहे ती नाव लपवण्याबद्दल. गवताचे तेल गुलाबाचे म्हणून विकणे जितके चूक, तितकेच कारखान्यातले जिरॅनिऑल रोशाचे म्हणून विकणे चूक.

आणि तेही होते. एकेकाळी गुलाबतेलात भेसळ करण्यासाठी वापरले जाणारे रोशाचे तेल आज स्वतःच भेसळीचे बळी ठरते. त्यात रॉकेल, टर्पेंटाइन, खाद्यतेले मिसळली जातात. घाऊक घेणाऱ्यांसाठी दोन सोप्या परीक्षा आहेत. टिपकागदावर थेंब टाकून ठेवावा. शुद्ध तेल उडून जाते, खाद्यतेल असेल तर तेलकट डाग राहतो. दुसरी परीक्षा अशी, की शुद्ध रोशाचे तेल ७० टक्के अल्कोहोलच्या सुमारे तिप्पट आकारमानात स्वच्छ विरघळते. मिश्रण गढूळ झाले तर काहीतरी गडबड आहे असे समजावे. या दोन्ही परीक्षा ढोबळ आहेत. कारखान्यातले जिरॅनिऑल मिसळले असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत. अखेरचा निकाल प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफी तपासणीचाच.

लावावे की नाही?

रोशाची लागवड करावी का, असा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हे गवत कमी पावसात तग धरते, हलक्या जमिनीत येते आणि एकदा लावले की तीन-चार वर्षे कापण्या देते. पाणी साचणारी जमीन मात्र त्याला चालत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाण तयार केले आहेत आणि लागवडीची व ऊर्ध्वपातनाची माहितीही तिथून मिळते.

पण घाई करू नये. आधी बियाणे मोतियाचेच आहे याची खात्री हवी. सोफिया मिसळला असेल तर ते कळते थेट तेल काढल्यावर, आणि तोपर्यंत हंगाम गेलेला असतो. दुसरे, जवळपास भट्टी हवी. गवताचे भारे लांबवर वाहून नेले तर नफा वाहतुकीतच जातो. एका शेतकऱ्याला भट्टी परवडत नाही, दहा-वीस जणांना एकत्र येऊन परवडते. तिसरे, तेल कोण घेणार आणि ते कोणत्या तपासणीवर घेणार, हे लागवडीपूर्वी ठरलेले हवे. सुगंधी तेलांचे भाव झपाट्याने वर-खाली होतात. एका वर्षीचा चढा भाव ऐकून सगळ्या गावाने गवत लावले तर पुढच्या वर्षी काय होईल, ते कांद्याने आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

श्रोतेहो, सुगंध नाकाला कळतो, पण त्याचा पत्ता नाकाला कळत नाही. तो विचारावा लागतो. ही वस्तू कशातून आली, कोणी काढली, कधी काढली आणि तिच्यात आणखी काय आहे, हे चार प्रश्न अत्तराच्या दुकानात, औषधाच्या दुकानात आणि शेतमालाच्या बाजारातही विचारायला हरकत नाही. प्रामाणिक विक्रेता त्याने रागावत नाही.

आणि सातपुड्याच्या बाजूला गेलात, पावसाळ्यानंतर उतारावर तांबूस तुरे दिसले, तर एक पान चुरगळून वास घेऊन पाहा. गुलाबाची आठवण झाली तर त्याला गुलाब म्हणू नका. त्याचे नाव रोशा आहे. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या नावाने वावरलेल्या या गवताला निदान आपण तरी त्याच्या नावाने हाक मारू या.

नमस्कार.